अर्थसंकल्प, निवृत्ती आणि घरखर्च: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

1 फेब्रुवारी 2025 च्या अर्थसंकल्पानंतर ‘12 लाखांपर्यंत कर नाही’ हे वाक्य घरोघरी पोचलं. त्याच्या अटी मात्र पोचल्या नाहीत, हे ठाणे आणि नवी मुंबईतून आलेली पत्रं वाचताना जाणवतं. पुढची सगळी उत्तरं आर्थिक वर्ष 2025-26 च्या उत्पन्नाला धरून आहेत. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले. तरी वाचकांच्या तोंडी असलेली 80सी (गुंतवणुकीवरची वजावट), 15एच (व्याजातून कर कापू नका असं बँकेला कळवायचा अर्ज) ही नावंच आम्ही इथे ठेवली आहेत. पत्रं थोडक्यात दिली आहेत, नावं गाळली आहेत.

प्रश्न (नेरूळ): ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यातून निवृत्त झालो, वय 61. पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून 58 लाख आले. 30 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले, 28 लाखांच्या एफडी त्याच बँकेत 7 टक्क्यांनी केल्या. ईपीएसची (पीएफसोबतच्या पेन्शन योजनेची) पेन्शन महिना 3,200 रुपये. माझं उत्पन्न 12 लाखांच्या जवळपासही नाही, तरी बँकेने वर्षात 44,200 रुपये टीडीएस, म्हणजे व्याजातूनच आगाऊ कर, कापला. बँकवाले म्हणतात, रिटर्न भरा. एवढ्याशा उत्पन्नाला रिटर्न कशाला?

उत्तर: आधी तुमचा हिशेब मांडू. ज्येष्ठ नागरिक योजनेचं व्याज 8.2 टक्क्यांनी 2,46,000, एफडीचं 1,96,000, एकूण 4,42,000. पेन्शन वर्षाला 38,400 होते. पेन्शनवर 75,000 पर्यंत प्रमाणित वजावट मिळते, म्हणून ती सगळी वजा झाली. इथेच पुष्कळ जण चुकतात. 75,000 मधले उरलेले 36,600 व्याजातून वजा करता येत नाहीत. ही वजावट पगाराला आणि पेन्शनला आहे, व्याजाला नाही.

नव्या करप्रणालीत (दर कमी, पण बहुतेक वजावटी नाहीत; जुनीत याच्या उलट) 4 लाखांपर्यंत कर नाही, 4 ते 8 लाखांना 5 टक्के. तुमच्या 42,000 वर कर आला 2,100 रुपये. 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला 60,000 पर्यंतची रिबेट, म्हणजे करातली माफी, आहे, तिने तो शून्य केला. म्हणजे कर लागतोच, आणि मग माफ होतो. त्यामुळे एकूण उत्पन्न 4 लाखांच्या वर गेलं की कर शून्य असला तरी रिटर्न भरावंच लागतं.

आता बँकेचं. एप्रिल 2025 पासून ज्येष्ठांसाठी टीडीएसची मर्यादा 50,000 वरून 1 लाख झाली. ही मर्यादा प्रत्येक बँकेला वेगळी असते, पण एका बँकेच्या सगळ्या शाखा मिळून एकच. तुमचं त्या बँकेतलं व्याज 1 लाखाच्या बरंच वर गेलं आणि 10 टक्के कापले गेले. तुमचं बाकी उत्पन्न किती, कर शून्य होतो की नाही, हे बँकेला कळायला मार्ग नाही. ते तुम्ही 15एच भरून कळवायचं असतं. साठी ओलांडलेल्यांना रिबेट धरून कर शून्य येत असेल तरी 15एच देता येतो, तेव्हा तुम्ही त्यात बसता.

15एच दर आर्थिक वर्षाला नव्याने द्यायचा. मागच्या वर्षीचा चालत नाही. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातच द्या, कारण तिमाही व्याज खात्यात पडताना एकदा टीडीएस गेला की बँक तो परत करत नाही. नेट बँकिंगवरून भरलात तर पावती क्रमांक जपून ठेवा. शाखेत कागद दिलात तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. एकाच बँकेत तुमचे दोन ग्राहक क्रमांक असतील, म्हणजे पगाराचं जुनं खातं एकावर आणि निवृत्तीनंतरची एफडी दुसऱ्यावर, तर दोन्हींवर 15एच नोंदला गेला का ते विचारा. टीडीएस का कापला म्हणून येणाऱ्या तक्रारींमध्ये हे कारण वारंवार सापडतं. एफडी पती-पत्नीच्या जोडनावे असेल तर टीडीएस पहिल्या नावाच्या पॅनवर लागतो, म्हणून 15एचही त्यांचाच हवा. पॅन आधारशी जोडलेलं नसेल तर 10 ऐवजी 20 टक्के कापतात आणि मग 15एचचाही उपयोग होत नाही.

कापलेले 44,200 रिटर्न भरून पूर्ण परत मिळतील. आयटीआर-1 हा साधा रिटर्न फॉर्म पुरतो. भरण्याआधी आयकर पोर्टलवर वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस उघडून व्याजाचा आकडा बँकेच्या प्रमाणपत्राशी ताडून पाहा. एफडी मुदतीअखेर व्याज देणारी असेल तर पैसे हातात आले नसले तरी दर वर्षी जमलेलं व्याज उत्पन्नात दाखवायचं असतं. ते सोडलं की आकडे जुळत नाहीत आणि परतावा अडकतो. परताव्याचं बँक खातं पोर्टलवर आधी प्रमाणित केलेलं हवं.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी लिहितो. ज्येष्ठ नागरिक योजनेचा दर खातं उघडताना ठरतो आणि पाच वर्षं तोच राहतो. अल्पबचतीचे दर अर्थ मंत्रालय दर तिमाहीला जाहीर करतं, अर्थसंकल्पाच्या भाषणात ते ठरत नाहीत. तुम्हाला तिमाहीला 61,500 येतात. हा आकडा 5 वर्षं हलणार नाही, खर्च मात्र हलेल. महागाई 6 टक्के धरली तर आज महिना 35,000 चा खर्च 12 वर्षांत 70,000 वर जातो. तेव्हा सगळ्याच्या सगळ्या एफडींचं व्याज दर महिन्याला काढून खर्चू नका. त्यातल्या निदान 8-10 लाखांचं व्याज तिथेच जमू द्या. मुदतपूर्व पैसे लागलेच तर ज्येष्ठ नागरिक योजनेतून एका वर्षाच्या आत काढल्यास व्याज मिळत नाही, एक ते दोन वर्षांत मुद्दलाच्या दीड टक्का आणि त्यानंतर एक टक्का कापतात. म्हणून दुखण्याखुपण्याची रक्कम एफडीत असू द्या, या योजनेत नको.

प्रश्न (नौपाडा, ठाणे): वय 63. यजमानांच्या पश्चात कुटुंब निवृत्तिवेतन महिना 30,000 येतं, एफडीचं व्याज वर्षाला 2,60,000. आमचे नेहमीचे करसल्लागार जुन्या प्रणालीतच रिटर्न भरतात. मला 75,000 ची वजावट मिळते का?

उत्तर: नाही. कुटुंब निवृत्तिवेतन कायद्याने ‘पगार’ धरलं जात नाही, ‘इतर उत्पन्न’ धरलं जातं. त्यामुळे 75,000 ची प्रमाणित वजावट लागू नाही. त्याऐवजी पेन्शनचा एक तृतीयांश किंवा ठरावीक रक्कम, यातली कमी असेल ती वजा होते. ही ठरावीक रक्कम जुन्या प्रणालीत 15,000 आहे. नव्या प्रणालीत जुलै 2024 च्या अर्थसंकल्पाने ती 25,000 केली.

तुमच्या आकड्यांवर फरक मोठा पडतो. नव्या प्रणालीत 3,60,000 मधून 25,000 गेले, व्याज मिळवलं, उत्पन्न 5,95,000. कर 9,750, तो रिबेटने शून्य. जुन्या प्रणालीत 15,000 आणि ज्येष्ठांची व्याजावरची 50,000 ची वजावट धरूनही 5,55,000 उरतात. जुन्या प्रणालीतली रिबेट 5 लाखांपर्यंतच आहे, ती हुकते, आणि उपकरासह (करावरचे आणखी 4 टक्के) 21,840 रुपये भरावे लागतात. 80सीची 55,000 ची गुंतवणूक वेगळी असेल तरच जुनीत शून्य येतो. नवी प्रणाली आता आपोआप लागू असते, जुनी मागून घ्यावी लागते. तेव्हा सल्लागारांना एवढंच विचारा की जुनी का मागितली.

प्रश्न (ऐरोली): आम्ही दोघं चाळिशीच्या आत आहोत, मी 38 चा. माझा पगार 18 लाख, त्यात मूळ वेतन 9 लाख. घराचं कर्ज, पीपीएफ, एलआयसी, मेडिक्लेम सगळं चालू आहे. नव्या प्रणालीत 80सी नाही. मग पीपीएफ आणि एलआयसी बंद करावी का? निवृत्तीचं काय?

उत्तर: आधी प्रणाली ठरवू, मग गुंतवणूक. दोन्ही एकत्र घेतलं की घोळ होतो.

नव्या प्रणालीत 18 लाखांतून 75,000 गेले, उरले 17,25,000. कर 1,45,000, उपकर 4 टक्के, एकूण 1,50,800. जुन्यात तुमच्या हातात काय आहे? प्रमाणित वजावट 50,000, 80सीचे दीड लाख, गृहकर्जाच्या व्याजाचे जास्तीत जास्त 2 लाख, स्वतःच्या कुटुंबाच्या मेडिक्लेमचे 25,000, ज्येष्ठ आईवडिलांच्या मेडिक्लेमचे 50,000, एनपीएसचे (राष्ट्रीय पेन्शन योजनेचे) 50,000. सगळं काठोकाठ भरलं तरी करपात्र 12,75,000 उरतात आणि कर 2,02,800 येतो. म्हणजे नव्यात 52,000 वाचतात. 18 लाख पगाराला जुनी प्रणाली परवडायला प्रमाणित वजावट सोडून सुमारे 6,42,000 च्या वजावटी लागतात. तुमच्याकडे 4,75,000 आहेत. घरभाडं भत्त्याची मोठी सूट मिळणाऱ्यालाच हा आकडा गाठता येतो, आणि स्वतःच्या घरात राहताना ती मिळत नाही.

पीपीएफ बंद करू नका. आत टाकताना वजावट मिळत नाही, पण व्याज आणि मुदतीनंतरची रक्कम दोन्ही प्रणालींत करमुक्त आहे. 7.1 टक्के करमुक्त म्हणजे 20 टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला एफडीचे साधारण 9 टक्के झाले. तेवढं आज कुठली भक्कम बँक देत नाही. सक्तीचे दीड लाख टाकायची गरज मात्र राहिली नाही. वर्षाला किमान 500 टाकले तरी खातं जिवंत राहतं. चुकलं तर प्रत्येक वर्षाला 50 रुपये दंड आणि राहिलेले 500 भरून ते सुरू करता येतं. जे टाकाल ते महिन्याच्या 5 तारखेच्या आत टाका, कारण व्याज 5 तारीख ते महिनाअखेर यातल्या कमीत कमी शिल्लकेवर मिळतं.

एलआयसीचं उत्तर पॉलिसी पाहून द्यावं लागेल. शाखेतून चार आकडे लिहून घ्या: आज सरेंडर केल्यास (पॉलिसी मोडल्यास) मिळणारी रक्कम, हप्ते थांबवून पॉलिसी पेड-अप ठेवल्यास शेवटी मिळणारी रक्कम, पूर्ण चालवल्यास बोनससह अंदाजे रक्कम, आणि उरलेले हप्ते. आजवर भरलेले हप्ते हिशेबात धरू नका, ते गेले. आज हातात येणारी सरेंडरची रक्कम आणि पुढचे हप्ते हीच तुमची गुंतवणूक समजून शेवटच्या रकमेपर्यंत किती टक्के पडतात, ते एक्सेलच्या एक्सआयआरआर या परतावा काढणाऱ्या सूत्राने काढा. पॉलिसीची शेवटची 4-5 वर्षं उरली असतील तर बहुतेक वेळा चालू ठेवणंच फायद्याचं निघतं. नुकतीच घेतली असेल तर चित्र उलटं असतं. पण काहीही बंद करण्याआधी मुदत विमा (फक्त मृत्यू झाल्यास रक्कम देणारा) घ्या, त्याची पॉलिसी हातात येऊ द्या, मग जुनीला हात लावा. मधल्या काळात घर उघडं पडू देऊ नका.

निवृत्तीसाठी नव्या प्रणालीत उरलेला एक मोठा मार्ग लोक वापरत नाहीत. कंपनीने तुमच्या एनपीएसमध्ये भरलेली रक्कम, मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या 14 टक्क्यांपर्यंत, नव्या प्रणालीतही वजा होते. खासगी नोकरीत ही मर्यादा आधी 10 टक्के होती, जुलै 2024 मध्ये 14 झाली. तुमच्या 9 लाखांवर ती 1,26,000 होते आणि करात उपकरासह 26,156 रुपये वाचतात. तुम्ही स्वतः भरलेल्या एनपीएसला ही सवलत नाही. रक्कम कंपनीच्याच हातून जायला हवी. त्यासाठी एचआरकडे पगाराची रचना बदलून मागा, बहुतेक कंपन्या हे एप्रिलमध्येच करतात. हातात येणारा पगार तेवढा घटेल आणि हे पैसे साधारण साठीपर्यंत अडकतील, हे पत्करूनच करा. कर्जाचा हप्ता ओढाताणीने भरत असाल तर यंदा नको.

आणि वाचलेले 52,000? ते पगारात थोडे थोडे मिसळून येतात, म्हणून दिसत नाहीत आणि घरखर्चात विरतात. पगाराच्या दुसऱ्या दिवशी 4,300 रुपयांची एसआयपी (म्युच्युअल फंडात दर महिन्याची ठरावीक गुंतवणूक) लावून टाका. 22 वर्षं, सरासरी 10 टक्के धरले तर साठाव्या वर्षी सुमारे 41 लाख होतात. ऐकायला मोठी रक्कम आहे, पण 6 टक्के महागाईने आजच्या किमतीत ती 11 लाखांच्या आसपास आहे. एवढ्याने निवृत्ती सुटत नाही, म्हणून पगार वाढेल तशी दर एप्रिलला एसआयपी वाढवत न्या.

प्रश्न (कोपरखैरणे): मुलाकडे राहायला जायचं ठरल्याने सिडकोचं 1बीएचके घर नोव्हेंबर 2025 मध्ये 68 लाखांना विकलं. 2008-09 मध्ये मुद्रांक शुल्क आणि नोंदणीसकट 24 लाखांना पडलं होतं. ‘इंडेक्सेशन गेलं, आता साडेपाच लाख कर बसेल, तो वाचवायला दुसरा फ्लॅट बुक करा’ असं दलाल सांगतो. आम्ही दोघंही सत्तरीचे आहोत. काय करावं?

उत्तर: बुक करू नका. आधी हा हिशेब वाचा.

23 जुलै 2024 च्या अर्थसंकल्पाने घराच्या दीर्घकालीन नफ्यावरचा कर 20 वरून 12.5 टक्के केला आणि महागाई निर्देशांकाचा फायदा (इंडेक्सेशन, म्हणजे खरेदी किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरणं) काढला, इथपर्यंत दलालाचं बरोबर आहे. पण त्याच वर्षी कायदा मंजूर होताना दुरुस्ती झाली. 23 जुलै 2024 पूर्वी घेतलेलं घर निवासी व्यक्तीने किंवा हिंदू अविभक्त कुटुंबाने विकलं, तर दोन्ही पद्धतींनी कर काढून कमी असेल तेवढाच भरायचा.

सरळ पद्धतीने 68 मधून 24 गेले, नफा 44 लाख, 12.5 टक्क्यांनी कर 5,50,000. निर्देशांक पद्धतीने 2008-09 चा निर्देशांक 137, 2025-26 चा 376. 24 लाख गुणिले 376 भागिले 137 केलं की खरेदी किंमत 65,86,861 होते. नफा 2,13,139, त्याच्या 20 टक्के 42,628, उपकरासह सुमारे 44,300 रुपये. एवढाच कर. तो वाचवण्यासाठी सत्तराव्या वर्षी नव्या फ्लॅटमध्ये पैसा अडकवण्यात काही अर्थ नाही. शिवाय घरात पैसे गुंतवून सूट घ्यायची झाली तर ती निर्देशांकाविना निघालेल्या 44 लाखांच्या नफ्यावर मोजली जाते, 2 लाखांच्या नाही. दलाल हे सांगत नाही.

इतर वाचकांसाठी: याच घराला 1 कोटी 35 लाखांच्या पुढे भाव आला असता तर 12.5 टक्क्यांची पद्धत स्वस्त ठरली असती. महागाईच्या मानाने भाव जेमतेम वाढलेल्या घरांना निर्देशांक फायद्याचा, झपाट्याने वाढलेल्यांना नवी पद्धत. घोडबंदर रोडवर अगदी सुरुवातीला स्वस्तात घेतलेल्या घरांचे हिशेब बऱ्याचदा नव्या पद्धतीकडे झुकतात. अंदाजाने ठरवू नका, दोन्ही मांडा. घर 1 एप्रिल 2001 पूर्वीचं असेल तर खरेदी किंमत म्हणून त्या तारखेची बाजारकिंमत घेता येते, पण ती रेडी रेकनरच्या (सरकारी मालमत्ता दरपत्रकाच्या) त्या वेळच्या दरापेक्षा जास्त धरता येत नाही. त्यासाठी नोंदणीकृत मूल्यमापकाचा दाखला घ्या.

तुमच्या व्यवहारातल्या बाकीच्या गोष्टी. सिडकोची घरं भाडेपट्ट्याने असतात, त्यामुळे हस्तांतरासाठी सिडकोला शुल्क जातं. ते तुम्ही भरलं असेल तर दलालीप्रमाणे तेही विक्रीच्या खर्चात वजा होतं, पावती शोधून ठेवा. रंगरंगोटी आणि किरकोळ दुरुस्ती धरत नाहीत. नवी खोली, बंदिस्त केलेली गच्ची असं काही कायमचं बांधकाम असेल आणि बिलं असतील तरच धरतात. करारातली किंमत रेडी रेकनरपेक्षा कमी असेल आणि फरक 10 टक्क्यांच्या वर गेला, तर विक्री किंमत म्हणून रेडी रेकनरचाच आकडा धरतात. काही पैसे रोखीत घेऊन करार कमी किमतीचा करणाऱ्यांना याचा फटका बसतो.

व्यवहार 50 लाखांच्या वरचा असल्याने खरेदीदाराने 1 टक्का, म्हणजे 68,000 टीडीएस कापून 26क्यूबी अर्जाने भरलेला असायला हवा. त्याच्याकडून 16बी प्रमाणपत्र मागून घ्या आणि रक्कम तुमच्या पॅनवर दिसते का ते पाहा. घर दोघांच्या नावे असेल आणि त्याने सगळा टीडीएस एकाच पॅनवर भरला असेल, तर दुसऱ्याला त्याच्या हिश्शाचं क्रेडिट मिळत नाही. ती चूक त्याच्याकडूनच दुरुस्त करून घ्यावी लागते, म्हणून रिटर्नच्या आधी तपासा. रिटर्न आयटीआर-2 मध्ये भरायचं, आयटीआर-1 चालणार नाही. रिबेट या नफ्यावरच्या कराला लागू नाही. आणि हा 44 लाखांचा नफा मिळवून वर्षाचं एकूण उत्पन्न 50 लाखांच्या वर जात असेल तर करावर 10 टक्के अधिभार चढतो. व्यवसायाचं उत्पन्न नसल्याने ज्येष्ठांना आगाऊ कर भरायचा नसतो, रिटर्नच्या वेळी भरला तरी चालतो. विक्रीच्या पैशातून दोघांना ज्येष्ठ नागरिक योजनेत प्रत्येकी 30 लाखांपर्यंत ठेवता येतील, ही मर्यादा 2023 च्या अर्थसंकल्पाने 15 लाखांवरून वाढवली आहे.

प्रश्न (घोडबंदर रोड): पगार चांगला आहे. 20 लाख बाजूला पडले आहेत. बायकोच्या नावे एफडी करावी की आईच्या नावे ज्येष्ठ नागरिक योजनेत? आई 66 ची, उत्पन्न काही नाही.

उत्तर: बायकोला दिलेल्या पैशाचं व्याज तुमच्याच उत्पन्नात धरलं जातं, तेव्हा त्यात कर वाचत नाही. आईला दिलेल्या पैशाला हा नियम नाही. देणगी म्हणून दिलेल्या रकमेवर आईलाही कर नाही, आणि 1,64,000 व्याजावर तिला कर बसत नाही. पैसे बँकेतून वळवा, साध्या कागदावर देणगीपत्र करून दोघांच्या सह्या घ्या.

पण हे करताना पैसे खरोखर आईचे होतात, हे ध्यानात ठेवा. तुमचं नाव नॉमिनी म्हणून लागलं म्हणजे ते तुमचे झाले असं होत नाही. नॉमिनीच्या हाती पैसे येतात, हक्क वारसांचा असतो. तुम्हाला भाऊ-बहीण असतील तर आईने मृत्युपत्र केलेलं असावं. ते अवघड वाटतं म्हणून लोक टाळतात आणि भावंडांत पुढे वितुष्ट येतं. मृत्युपत्राला नोंदणी सक्तीची नाही, पण दोन साक्षीदार हवेत आणि ते वारसांपैकी नसलेले बरे.

प्रश्न (सानपाडा): पेन्शन आणि व्याज मिळून 9 लाख. यंदा म्युच्युअल फंडातून 3 लाखांचा दीर्घकालीन नफा झाला. एकूण 12 लाखच होतात, तरी आयकर पोर्टल कर दाखवतं.

उत्तर: ते बरोबर दाखवतं. शेअर्स आणि इक्विटी फंडांच्या नफ्याला वेगळा दर आहे, रिबेट त्याला लागत नाही. 3 लाखांतून वर्षाची करमुक्त मर्यादा 1,25,000 वजा, उरलेल्या 1,75,000 वर 12.5 टक्के आणि उपकर मिळून 22,750. पेन्शन-व्याजाच्या भागावर रिबेट मिळेलच. पुढच्या वेळी गरज आधी ओळखून विक्री दोन आर्थिक वर्षांत विभागा, थोडी मार्चमध्ये, थोडी एप्रिलमध्ये. प्रत्येक वर्षाचे 1,25,000 वेगळे मिळतात. पत्नीची स्वतःच्या पैशातली गुंतवणूक असेल तर तिचे आणखी वेगळे. 1 एप्रिल 2023 नंतर घेतलेल्या डेट (कर्जरोख्यांत गुंतवणाऱ्या) फंडांना हे काही लागू नाही, त्यांचा नफा सरळ उत्पन्नात मिळवला जातो.

प्रश्न (कळवा): राज्याच्या अर्थसंकल्पातून नोकरदार बाईच्या घराला प्रत्यक्ष काय मिळतं?

उत्तर: 2023 पासून महिना 25,000 पर्यंत पगार असलेल्या महिलांना व्यवसाय कर नाही, वर्षाचे 2,500 वाचतात. कापला जात असेल तर पगारपत्रक दाखवून थांबवा. दुसरी सवलत मोठी आहे: घर फक्त महिलेच्या किंवा महिलांच्या नावे घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सूट. 70 लाखांच्या घराला 70,000. नवऱ्याचं नाव जोडलं की ती जाते. पण त्या सूटीसाठी नवऱ्याच्या पैशाचं घर नुसतं बायकोच्या नावे करत असाल, तर कर्ज कोणाच्या उत्पन्नावर मिळणार आणि उद्या भाडं कोणाच्या उत्पन्नात धरलं जाणार, हे आधी बँकेशी आणि करसल्लागाराशी बोलून घ्या.

प्रश्न (वाशी): आईवडिलांच्या मेडिक्लेमचा हप्ता गेल्या वर्षी 42,000 अधिक 7,560 जीएसटी होता. जीएसटी गेला म्हणतात, पण यंदा हप्ता 45,800 आला. कंपनी फसवते का?

उत्तर: बिलात जीएसटीची ओळ आहे का ते आधी पाहा. वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्यावरचा 18 टक्के जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून शून्य झाला. तो निर्णय जीएसटी परिषदेचा होता, अर्थसंकल्पाचा नाही. तुमच्या बिलात तो नसेल तर 45,800 हा निव्वळ हप्ता आहे, म्हणजे मूळ हप्ता 9 टक्क्यांच्या आसपास वाढला. ज्येष्ठांचा हप्ता वर्षात 10 टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल तर कंपनीला विमा नियामकाशी आधी विचारविनिमय करावा लागतो, हा नियम जानेवारी 2025 चा आहे. तुमची वाढ त्याच्या आत आहे. तरी एकूण खिशातून 3,760 रुपये कमीच गेले.

हप्ता चेकने किंवा ऑनलाइनच भरा. जुन्या प्रणालीत वजावट घ्यायची असेल तर रोख भरलेला हप्ता धरत नाहीत. नव्या प्रणालीत वजावट नाही, म्हणून पॉलिसी सोडून देऊ नका. सत्तरीनंतर नवी घ्यायला गेलात तर जुन्या आजारांची थांबण्याची मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. कंपनी पसंत नसेल तर नूतनीकरणाच्या किमान 45 दिवस आधी दुसऱ्या कंपनीकडे पोर्टिंगचा अर्ज करा, म्हणजे आधी भोगलेली मुदत तुमच्या खात्यात धरली जाते.